मंगळवारचा माईक आणि कोरस

नोकरीच्या निमित्तानं २०१४ ते २०१८ अशी जवळजवळ साडेचार वर्षं मी इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात काढली. घरापासून चालत सात मिनिटांवर एक पब होता. तिथे दर मंगळवारी रात्री आठ वाजता ‘ओपन माईक’ असायचा. काउंटरच्या टोकाला एक वही आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. ज्याला गायचं त्यानं वहीत नाव लिहायचं. तीन गाणी किंवा पंधरा मिनिटं, जे आधी संपेल ते. कुठे शिकलात, कोणाकडे शिकलात, गाणार काय, यातलं काही कोणी विचारत नसे. पहिल्या मंगळवारी मी नाव लिहिलं नाही. लिहायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत मी नुसता ऐकत बसलो, आणि या लेखातलं बरंचसं त्या ऐकण्यातूनच आलं आहे.

‘पब’ म्हटलं की आपल्याकडे अंधार, रंगीत दिवे आणि छातीत धडधडणारं संगीत डोळ्यांसमोर येतं. इंग्लंडमधल्या वस्तीतला पब तसा नसतो. ‘पब्लिक हाउस’चं ते लघुरूप, आणि जुने पब खरोखरच घरासारखे दिसतात. गालिचा, शेगडी, भिंतीवर डार्टबोर्ड, कोपऱ्यात पाय पसरून झोपलेलं कोणाचं तरी कुत्रं. सोमवारी क्विझ, मंगळवारी गाणं, शनिवारी फुटबॉल. माणसं पिण्यापेक्षा बसायला जास्त येतात. असे पब झपाट्यानं बंद पडताहेत. २००० साली ब्रिटनमध्ये ६०,००० च्या वर पब होते, मी परत निघालो तेव्हा ते ५०,००० च्याही खाली आले होते. मंगळवार हा धंद्याचा मेलेला दिवस. त्या दिवशी पंधरा गाणारे आले आणि प्रत्येकानं एकेक मित्र आणला, तरी तीस पेले खपतात. गाणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. ओपन माईकमागची सगळी उदात्त तत्त्वं ऐकताना हा हिशेब मनाच्या कोपऱ्यात असू द्यावा. पुण्या-मुंबईत तर काही ठिकाणी गाणाऱ्याकडूनच प्रवेशशुल्क घेतलेलं मी नंतर पाहिलं; तिथे तो हिशेब आणखी उघडा पडतो.

उदात्त तत्त्व असं की इथे सगळे समान. मंच कोणाच्या मालकीचा नाही, परीक्षक नाही, घराणं नाही, वशिला नाही. ते खरंही आहे. माझ्यासारख्या बेताच्या आवाजाच्या माणसाला महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंचावर कोणी तीन मिनिटं दिली नसती. पण सहा महिने ऐकल्यावर मला प्रश्न पडला तो वेगळाच. माईक खुला आहे हे कळलं. त्याच्यासमोर बसलेल्यांचे कान खुले आहेत का?

नेहमीचं दृश्य असं. वहीत सातव्या क्रमांकावर असलेला मुलगा चौथ्याचं गाणं चालू असताना मांडीवरची गिटार जुळवत असतो. सहावी मुलगी फोनवर शब्द पाठ करते. पहिला गाऊन झाल्यावर दुसऱ्या गाण्याला थांबतो आणि तिसऱ्याला, मित्रांसकट, निघून जातो. म्हणजे खोली भरलेली असते, पण श्रोत्यांनी नाही. आपापल्या पाळीची वाट बघणाऱ्यांनी. काउंटरवरचे लोक बोलत असतात, त्यांच्या आवाजावर मात करायला ध्वनिक्षेपक वाढवला जातो, मग ते आणखी मोठ्यानं बोलतात. गाण्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक, सगळ्यांना ठाऊक असलेलं, ओअ‍ॅसिसचं ‘वंडरवॉल’ किंवा लेनर्ड कोहेनचं ‘हॅलेलुया’. दुसरं, स्वतः लिहिलेलं आणि बहुधा स्वतःविषयीच. हे दुसरं गाणं माईकच्या जाळीला ओठ लावून कुजबुजत म्हटलं जातं आणि त्याआधी एक छोटी माफी मागितली जाते, की अजून पुरं झालेलं नाही, घसा बसलाय, काल रात्रीच लिहिलं. शेवटी टाळ्या. सगळ्यांना सारख्या टाळ्या. जो सुरात गायला त्याला तेवढ्याच आणि ज्याची तार तुटली त्याला कदाचित थोड्या जास्तच.

या टाळ्यांविषयी माझी तक्रार आहे. आपल्याकडे गाण्याला मिळते ती दाद, आणि ती गाणं चालू असताना मिळते. समेवर मान हलते, एखादी जागा आली की ‘क्या बात है’ निघून जातं, आणि त्यावरून गाणाऱ्याला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. टाळी येते ती सगळं संपल्यावर. तोवर गाणारा एकटाच असतो. ज्या जागी कोणी पडूच शकत नाही, त्या जागी कोणी चढलं हेही कळायला मार्ग राहत नाही. एका मंगळवारी एक परिचारिका आली, ड्यूटीवरून थेट. तिनं साथीशिवाय एक जुनं लोकगीत म्हटलं, सात-आठ कडव्यांचं, खुनाचं, एकाच सपाट चालीत आणि चेहऱ्यावर काही न दाखवता. माझ्या अंगावर काटा आला. तिला तितक्याच टाळ्या पडल्या. ती पुन्हा आली नाही. तिला ते गाणं चांगलं झालं हे कोणी सांगितलं असेल का, हे मला आजही छळतं. सांगायला मी उठू शकलो असतो.

ही रीत इंग्लंडची स्वतःची नाही, असं इतिहास चाळताना दिसलं. ‘ओपन माईक’चा आजचा साचा अमेरिकेतून आला. १९६० साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये माइक पोर्को यांनी ‘गर्डीज फोक सिटी’ ही जागा सुरू केली. तिथे सोमवारी रात्री हौशी गायकांना मोकळीक असे. बॉब डिलन तिथे गायला आणि सप्टेंबर १९६१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रॉबर्ट शेल्टन यांनी त्याच्याविषयी लिहिलं. ही कथा प्रत्येक ओपन माईकच्या मागे समईसारखी तेवत असते. वहीत नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाला आत कुठेतरी वाटतं की आज कोपऱ्यात एक शेल्टन बसलेला असेल. म्हणजे खोलीतल्या लोकांसाठी गायचंच नसतं. त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे कोणासाठी तरी गायचं असतं.

त्याआधीचा इंग्लिश पब वेगळा होता. एकोणिसाव्या शतकात पबमधल्या गाण्याच्या रात्रींना ‘फ्री अँड ईझी’ म्हणत. नाव मोकळंढाकळं, पण तिथे एक अध्यक्ष असे, त्याच्या हातात लाकडी हातोडी असे. तो एकेकाला नावानं गायला लावी आणि टेबलावर हातोडी आपटून खोली गप्प करी. त्यातूनच पुढे म्युझिक हॉल निघाले. चार्ल्स मॉर्टन यांनी १८५२ साली लंडनच्या लँबेथमध्ये पबला जोडून ‘कँटरबरी हॉल’ उघडला, गाणारे पगारी झाले, आणि ऐकणारे तिकीटवाले. १८७८ च्या कायद्यानं सुरक्षिततेच्या अटी घातल्या आणि लंडनमधल्या कितीतरी छोट्या जागा बंद पडल्या. खेड्यांत मात्र जुनी तऱ्हा टिकली. सफोक परगण्यातल्या ब्लॅक्सहॉल गावी ‘द शिप’ नावाचा पब आहे. पीटर केनेडी यांनी १९५५ साली तिथल्या एका रात्रीवर ‘द बार्ली मो’ हा लघुपट केला. शेतमजूर बाकांवर बसलेत, अध्यक्ष शिस्त पुकारतोय, एकेक जण उठून गातो आणि पालुपद सगळे उचलतात. त्या भागात एक रीत होती, ‘गा, काही सांग, नाहीतर पाज’. पाळी आली की सुटका नाही. गाता येत नसेल तर गोष्ट सांगायची, तीही येत नसेल तर खिशात हात घालायचा. आणि एक अलिखित नियम असा की अमुक गाणं अमुक म्हाताऱ्याचं. तो खोलीत असेपर्यंत दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही.

ओपन माईकच्या वहीत आणि या पाळीत फरक एवढाच की वहीत आपण आपलं नाव लिहितो, आणि तिथे दुसरा कोणी आपलं नाव घेतो. फरक लहान दिसतो. पण ज्याचं नाव घेतलं जातं त्याच्या गाण्याची वाट पाहिली जात असते.

एकटा माणूस आणि एक गिटार, हा ओपन माईकचा ठरून गेलेला थाट कलेतून आला असं आपल्याला वाटतं. मला त्यात कायद्याचाही हात दिसतो. इंग्लंडच्या १९६४ च्या परवाना कायद्यात अशी सवलत होती की पबमध्ये दोनच कलावंत असतील तर मनोरंजनाचा वेगळा परवाना नको. ‘टू इन अ बार’ म्हणून ती ओळखली जाई. तिसरा माणूस झांज घेऊन उठला की परवाना आला. चाळीस वर्षं असा नियम राहिल्यावर पबवाल्यांना एकटादुकटा गायक सोयीचा वाटला तर नवल नाही. २००३ च्या कायद्यानं, म्हणजे प्रत्यक्षात नोव्हेंबर २००५ पासून, ही सवलतही गेली. आता एकट्या गायकालाही परवाना, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर फुटबॉल दाखवायला मात्र नको. यावर संगीतकारांनी बरीच ओरड केली आणि २०१२ च्या ‘लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट’नं ते पुष्कळसं दुरुस्त झालं. सकाळी आठ ते रात्री अकरा, दोनशे श्रोत्यांपर्यंत, परवान्याची कटकट नाही. पुढे ही मर्यादा पाचशेवर गेली. मी गेलो तो काळ हा. कायद्यानं आता टोळक्यानं गायला हरकत नव्हती, पण टोळक्याची सवय मोडून गेली होती.

आता माझ्या स्वतःच्या गाण्याकडे येतो. गायचं काय, हा प्रश्न मी इवन मॅकॉल यांच्यावर सोपवला. मॅकॉल हे ब्रिटिश लोकसंगीत चळवळीतलं मोठं आणि भांडखोर नाव. लंडनमधल्या आपल्या क्लबात त्यांनी नियम केला होता की मंचावरच्या गायकानं आपल्याच भाषेतलं, आपल्याच परंपरेतलं गाणं म्हणावं. पेगी सीगर यांनी पुढे लिहिलं की लंडनच्या बोलीत लेडबेलीचं ‘रॉक आयलंड लाइन’ गाणाऱ्या एकाला ऐकून त्यांना हसू आवरेना, आणि तिथून या नियमाची चर्चा सुरू झाली. नियमावर पुष्कळ टीका झाली. शिवाय हे मॅकॉल स्वतः सॅल्फर्डमध्ये जन्मलेले जिमी मिलर. आईवडील स्कॉटिश म्हणून स्कॉटिश गाणी गाणारे. तरीही मला तो नियम आवडतो, निदान स्वतःपुरता. मी ‘वंडरवॉल’ म्हणालो असतो तर त्या खोलीला आणखी एक ‘वंडरवॉल’ मिळालं असतं.

माझं म्हणजे काय? माझे वडील, अण्णा, कणकवली तालुक्यातले. आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. गिरणीतून आल्यावर भजनी मंडळात झांज वाजवायचे आणि कोरसात उभे राहायचे. गावी डबलबारी असली की मंडळाबरोबर जायचे. दोन बुवा, दोन मंडळं, एकाची बारी झाली की दुसऱ्याची, रात्र संपेपर्यंत. अण्णा कधी बुवा झाले नाहीत. म्हणायचे, “माका आवाज नाय, पण कोरसाक माणूस लागता.” गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंब नाही. त्यांच्याकडून आलेलं गाणं बिअरच्या वासात म्हणायचं, याची मला सहा महिने लाज वाटत होती. खरं सांगायचं तर वहीत नाव न लिहिण्याचं कारण तेच होतं, ऐकून अभ्यास वगैरे नंतरचं.

शेवटी लिहिलं. फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं आणि तुकोबांचा अभंग म्हटला. माईकमुळे माझा श्वास मलाच ऐकू येत होता. अभंगाचं ध्रुपद परत परत येतं ते मागच्यांनी उचलावं म्हणून. मागे होता तो डार्टबोर्ड. मी ध्रुपदाशी यायचो, थांबायचो, कोणी उचलत नसे, मग मीच उचलायचो. टाळ्या पडल्या, सगळ्यांना पडतात तेवढ्या. एक निवृत्त पोलाद-कामगार, जो दर मंगळवारी येऊन तेच एक गाणं म्हणायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “छान होतं, लव्ह.” शेफिल्डमध्ये पुरुष पुरुषालाही ‘लव्ह’ म्हणतात, पहिल्यांदा दचकायला होतं.

अण्णांना सांगायला मी आणखी तीन आठवडे घेतले. दारूच्या दुकानात अभंग म्हटला, हे वाक्य मी फोनवर घाईघाईनं उरकलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “मगे कोरसाक कोण होतो?”

मी म्हटलं, कोणी नाही. म्हणाले, “मगे ता भजन कसला?”

त्यांना गुत्त्याचं काही वाटलं नव्हतं. आणि मी सहा महिने जे शब्दांत पकडू पाहत होतो, ते त्यांनी एका प्रश्नात माझ्यापुढे टाकलं होतं.

त्याच हिवाळ्यात मी डंगवर्थला गेलो. शेफिल्डच्या वायव्येला टेकडीवर हे लहानसं गाव आहे. तिथल्या ‘रॉयल हॉटेल’ या पबमध्ये, आणि आसपासच्या गावांतल्या आणखी काही पबांत, ११ नोव्हेंबरच्या युद्धविरामदिनानंतरच्या रविवारपासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत स्थानिक नाताळगीतं म्हटली जातात. ती मूळची चर्चमधली. एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये सुधारणा झाल्या, सज्जात बसून वाजवणारे-गाणारे गावकरी गेले आणि त्यांच्या जागी ऑर्गन आला. थॉमस हार्डीच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या १८७२ च्या कादंबरीत नेमकं हेच घडतं. देवळातून निघालेली गाणी इथे दारूच्या घरात राहायला गेली आणि तिथे जगली. नेहम टेट यांच्या मेंढपाळांच्या एकाच गीताला या भागात डझनभराहून अधिक चाली आहेत. त्यांतली एक, ‘क्रॅनब्रुक’, कँटरबरीच्या थॉमस क्लार्क नावाच्या चांभाराची. इयन रसेल या अभ्यासकानं गेली कित्येक दशकं या सगळ्याची नोंद ठेवली आहे.

मी दुपारी बाराला पोहोचलो तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माईक नव्हता. कोपऱ्यात एक जण ऑर्गन वाजवत होता. त्यानं चालीचं नाव पुकारलं की खोली सुरू. पेला हातात, डोळे मिटलेले, पुरुषांचे आवाज एक ओळ पुढे टाकतात आणि बायका ती मागून पकडतात. नवख्यांसाठी शब्दांचं पुस्तक होतं. तिसऱ्या गीताच्या चौथ्या कडव्यापर्यंत पालुपद माझ्या तोंडात बसलं. कोणी माझं नाव विचारलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणासाठी वाजवणार? ऐकणारा असा कोणी उरलाच नव्हता. मी ख्रिस्ती नाही, पण त्या दोन तासांत मला परकं वाटलं नाही. सहा महिने मंगळवारी जाऊन जे झालं नव्हतं ते झालं.

म्हणून डंगवर्थ चांगलं आणि मंगळवार वाईट, असं लिहून मोकळं व्हायचा मोह मला झाला होता. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात तसं लिहिलंही होतं. पण डंगवर्थमध्ये मी तुकोबा म्हणू शकलो असतो का? शक्यच नाही. तिथे मला जागा मिळाली ती त्यांचं गाणं त्यांच्यासारखं म्हटलं म्हणून. अण्णांच्या मंडळातही एखादा शेफिल्डकर येऊन मेंढपाळांचं गीत म्हणू लागला असता, तर बुवांनी त्याला चहा पाजला असता आणि हळूच बसवलं असतं. जिथे कोरस आहे तिथे दार अरुंद आहे, आणि जिथे दार सताड उघडं आहे तिथे आत कोरस नाही. ओपन माईकची थोरवी गाणारे पहिली अडचण बोलतात, लोकपरंपरेचे भक्त दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, आणि परक्या देशात राहणाऱ्या माणसाला त्या दोन्ही एकदम भेटतात.

निघण्याआधीच्या शेवटच्या मंगळवारी मी वहीत पुन्हा नाव लिहिलं. या वेळी अभंग नाही, गजर. त्यातला विठ्ठलाचा नामघोष आधी खोलीला शिकवला. यजमान घड्याळाकडे बघत होता, कारण शिकवण्याचा वेळही पंधरा मिनिटांतच धरला जातो. माईक मी बाजूला केला. काउंटरवरच्यांनी बोलणं थांबवलं नाही. दाराजवळच्या टेबलावरचे पाच-सहा जण मात्र गायला लागले. त्यांत तो म्हातारा पोलाद-कामगार होता, त्यानं टेबलावर ठेकाही धरला. पण सगळं अर्ध्या मात्रेनं मागे पडत होतं. मला कारण नंतर कळलं. पबमधल्या पालुपदात पुढच्याची ओळ पुरी होऊ देतात आणि मग सगळे उचलतात. ती त्यांची सभ्यता. गजरात कोरस तेवढं थांबत नाही, बुवांचं शेवटचं अक्षर तोंडातून हिसकावून घेतो. ते हिसकावून घ्यायचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. गजर चढला नाही. लय वाढवली तशी दोघं सुटली. माझ्यानंतरच्या मुलानं गिटारची वायर लावायला घेतली.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. अर्ध्या मात्रेचं ऐकून ते हसले. “पयल्या बारीत तसाच होता,” म्हणाले. “दुसरी बारी कधी?”

माझं विमान गुरुवारचं होतं.